क्यूजीआयएस प्लगिन बनवायचं सेटअप: मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न

क्यूजीआयएस म्हणजे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि प्लगिन म्हणजे त्यात आपण पायथन भाषेत लिहून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. तो बनवायला बसलं की लातूर, परभणी, नांदेड, बीड, सगळीकडून साधारण तेच प्रश्न येतात, आणि त्यातले बरेचसे कोड लिहायच्या आधीचेच असतात. म्हणजे प्लगिनचं लॉजिक डोक्यात तयार, पण मशीनच तयार नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. क्यूजीआयएस ३ धरून लिहिलंय. फंक्शनची, फाईलची नावं इथं देवनागरीत आहेत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

प्लगिन बनवायची खरंच गरज आहे का?

प्रत्येक वेळी नाही. क्यूजीआयएस गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, तेव्हापासून त्यात इतकं काही जमा झालंय की तुम्हाला हवं ते आधीच कुठंतरी मेनूत दडलेलं असू शकतं. एकदाच करायचं काम असेल तर पायथन कन्सोलमध्ये (क्यूजीआयएसमधलीच कोड लिहायची खिडकी) चार ओळी लिहा न् सोडून द्या. तेच काम रोज करायचंय, किंवा ज्याला कोडचा क पण माहीत नाही अशा माणसाच्या हातात द्यायचंय, टूलबारवर एक बटण पाहिजे, तर प्लगिन.

माझा लॅपटॉप जुना आहे, चालेल का?

८ जीबी रॅम असेल तर निवांत चालतं. ४ जीबीवर पण उघडतं, पण क्रोम बंद ठेवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे काही लागत नाही. एसएसडी असेल तर फरक पडतो, क्यूजीआयएस पटकन उघडतं.

कुठलं व्हर्जन टाकू, नवीन का एलटीआर?

एलटीआर. लाँग टर्म रिलीज, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारं स्थिर व्हर्जन. ३.३४, ३.४० ही अशी व्हर्जन आहेत. ज्यांच्यासाठी प्लगिन बनवताय त्यांच्या मशीनवर कुठलं आहे ते आधी विचारा आणि तेच टाका, तुमच्याकडं सगळ्यात नवीन न् तालुक्याच्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वीचं, असं झालं की तुमच्याकडं पळणारं बटण तिकडं एरर देतं आणि मग फोनवर बसा समजावत.

नेट लई स्लो आहे, इन्स्टॉलर निम्म्यात तुटतंय. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पंधरा-वीस मशीनवर टाकायचंय.

विंडोजचा एकसंध इन्स्टॉलर एक जीबीच्या पुढं जातो, म्हणजे मोबाईलच्या दिवसाच्या पॅकमधला बराचसा भाग त्यातच गेला, आणि लाईट जाऊन निम्म्यात तुटला तर परत पहिल्यापासून. त्यापेक्षा ओएसजिओ-फोर-डब्ल्यू नावाचा नेटवर्क इन्स्टॉलर घ्या. तो स्वतः एकदम छोटा असतो, पॅकेज एकेक करून उतरवतो आणि उतरवलेलं तुम्ही सांगाल त्या फोल्डरात साठवून ठेवतो.

लॅबसाठी हाच बरा. ॲडव्हान्स्ड इन्स्टॉलमध्ये जायचं, एका मशीनवर सगळं उतरवायचं, ते फोल्डर पेनड्राईव्हवर घ्यायचं आणि बाकीच्या मशीनवर 'इन्स्टॉल फ्रॉम लोकल डिरेक्टरी' निवडायचं. नेट एकदाच जळतं. पॅकेज निवडताना एलटीआरचं 'फुल' असलेलं पॅकेज घ्या, मागून एकेक गोष्ट शोधत बसावं लागत नाही.

पायथन टाकलं, पण 'नो मॉड्युल नेम्ड क्यूजीआयएस' असं येऊ लागलंय. तीनदा टाकून पाहिलं.

पायथन कितीदाही टाका, हा एरर जाणार नाही, कारण तुम्ही टाकलेल्या पायथनचा आणि क्यूजीआयएसचा काही संबंधच नाही. विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतं. त्याच्या लायब्ररी, त्याचं पायक्यूटी (खिडक्या-बटणांची क्यूटी लायब्ररी पायथनमधून वापरायला), त्याचं जीडाल (नकाशाच्या फाईली वाचणारी लायब्ररी) सगळं त्याच्याच फोल्डरात बसलेलं असतं आणि प्लगिन तिथंच चालतं. पायथनच्या वेबसाईटवरून आणलेलं किंवा ॲनाकोंडातलं पायथन म्हणजे वेगळंच घर, तिथं क्यूजीआयएस मॉड्युल नसणारच. इथली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकीच्या निम्म्या अडचणी हिच्यातूनच निघतात.

मग करायचं काय? स्टार्ट मेनूत 'ओएसजिओ-फोर-डब्ल्यू शेल' शोधा. तिथं उघडणाऱ्या काळ्या खिडकीतलं पायथन हे तुमचं पायथन. त्याशिवाय क्यूजीआयएसच्या बिन फोल्डरात 'पायथन-क्यूजीआयएस' नावाची बॅच फाईल असते, एलटीआर असेल तर नावाच्या शेवटी तसं लिहिलेलं असतं, ती चालवली तरी तेच पायथन सगळ्या सेटिंगसकट उघडतं. तिथं क्यूजीआयएस इम्पोर्ट करून बघा, काहीच न बोलता पुढची ओळ आली की समजा जमलं.

आधीचं पायथन काढून टाकायची गरज नाही, राहू द्या. फक्त विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पायथन-होम किंवा पायथन-पाथ असलं काही कुणी भरून ठेवलेलं असेल तर ते काढा, नाहीतर क्यूजीआयएस उघडतानाच भांडतं.

मग पिपनं पांडाज वगैरे कुठं टाकायचं?

त्याच शेलमध्ये. पिप म्हणजे पायथनच्या जास्तीच्या लायब्ररी उतरवणारं टूल, पांडाज ही तक्त्यांच्या हिशोबाची अशीच एक लायब्ररी. आणि नुसतं पिप न लिहिता 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' असं पूर्ण लिहा, म्हणजे नक्की कुठल्या पायथनमध्ये चाललंय याची शंका राहत नाही. पण टाकायच्या आधी विचार करा की ही लायब्ररी वापरणाऱ्याच्या मशीनवर पण लागणार आहे. समोरचा माणूस झिप टाकेल, बटण दाबेल आणि 'नो मॉड्युल नेम्ड' बघत बसेल. नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) आणि जीडाल क्यूजीआयएससोबत येतातच, शक्य तेवढं त्यांच्यावरच भागवा.

उबंटूवर काय वेगळं आहे?

तिथं क्यूजीआयएस सिस्टीमचंच पायथन वापरतं, त्यामुळं वरची भानगड नाही. पण नव्या उबंटूवर थेट पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचं वेगळं फोल्डर, बनवा आणि बनवताना सिस्टीम साईट पॅकेजेसचा पर्याय द्या, नाहीतर आतून क्यूजीआयएस दिसणारच नाही.

एडिटर कुठला? पायचार्म घेऊ का?

जो हाताला बसलाय तो. बहुतेक पोरं व्हीएस कोड वापरतात. ओएसजिओ शेलमधूनच प्लगिनच्या फोल्डरात जाऊन 'कोड स्पेस डॉट' मारा, म्हणजे एडिटर बरोबर सेटिंग घेऊन उघडतो, आणि इंटरप्रिटर म्हणून वरचंच पायथन निवडा. खिडक्या-बटणं मांडायला क्यूटी डिझायनर क्यूजीआयएससोबतच येतं, स्टार्ट मेनूत बघा, वेगळं डाउनलोड करू नका.

प्लगिनचं फोल्डर नेमकं कुठं असतं? मला ॲप-डेटाच दिसंना.

ॲप-डेटा हे विंडोजचं प्रोग्रॅमच्या सेटिंगचं फोल्डर, ते लपवलेलं असतं म्हणून. शोधत बसू नका, क्यूजीआयएसच्या सेटिंग्ज मेनूत युजर प्रोफाईल्स, त्यात 'ओपन ॲक्टिव्ह प्रोफाईल फोल्डर'. उघडलेल्या फोल्डरात पायथन, त्यात प्लगिन्स. नसेल तर स्वतः बनवा.

आता काहीजण तिथंच बसून कोड लिहितात आणि मग विंडोज नव्यानं टाकलं की सगळं साफ. कोड तुमच्या डी ड्राईव्हवर, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवा आणि प्लगिन्स फोल्डरात त्याची फक्त लिंक द्या. विंडोजवर एम-के-लिंक कमांडला स्लॅश जे लावला की जंक्शन बनतं, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, जो लॅबमध्ये तसाही कुणी देत नाही. दुसरा रस्ता म्हणजे 'क्यूजीआयएस प्लगिनपाथ' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्यात तुमच्या फोल्डराचा पत्ता भरायचा.

रोजच्या कामाचं क्यूजीआयएस बिघडेल अशी भीती वाटते.

त्याच युजर प्रोफाईल्समधून नवीन प्रोफाईल बनवा, नाव काहीही ठेवा. त्यात प्लगिन, सेटिंग, टूलबार सगळं वेगळं राहतं. तुमचं ऑफिसचं काम डिफॉल्टमध्ये, तोडफोड नव्यामध्ये. ते प्रोफाईल बिघडलं तर उडवून परत बनवायचं, बास.

प्लगिन बिल्डर वापरू का सगळं हातानं लिहू?

पहिलं प्लगिन हातानं लिहा असं माझं मत. प्लगिन बिल्डर (प्लगिनचा साचा बनवून देणारं प्लगिन) एवढ्या फाईली ओततो की नवीन माणूस घाबरतो, त्यातल्या निम्म्या त्याला कधीच लागत नाहीत. खरं तर दोनच फाईली पुरतात. एक मेटाडेटा डॉट टीएक्सटी, जिच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'जनरल' आणि खाली नाव, वर्णन, व्हर्जन, कमीत कमी लागणारं क्यूजीआयएस, लेखक, ईमेल. दुसरी ती दोन-दोन अंडरस्कोरवाली इनिट फाईल. हिच्यात 'क्लास फॅक्टरी' नावाचं फंक्शन हवं जे तुमच्या क्लासचं ऑब्जेक्ट परत देतं, आणि त्या क्लासमध्ये दोन फंक्शन: 'इनिट-गुई', प्लगिन चालू होताना बटण लावायला, आणि 'अनलोड', बंद होताना ते बटण काढायला. झालं प्लगिन.

बिल्डर वापरलाच तर तो 'पी-वाय-आर-सी-सी ५' सापडत नाही म्हणून ओरडतो. आयकॉनची फाईल पायथनमध्ये बदलायचं ते टूल आहे. ओएसजिओ शेलमधून चालतं, पण मी तर म्हणेन त्याच्या नादीच लागू नका, आयकॉनचा पत्ता सरळ फाईलच्या रस्त्यानं द्या. तसंही पायक्यूटी ६ मध्ये ते टूल येतच नाही.

आणि त्यावरून एक: इम्पोर्ट करताना 'पायक्यूटी ५' असं थेट लिहू नका, 'क्यूजीआयएस डॉट पायक्यूटी' मधून घ्या. क्यूजीआयएस आता क्यूटी ६ कडं चाललंय, तेव्हा पुढं निम्मी डोकेदुखी वाचेल.

फोल्डर टाकलं, पण प्लगिनच्या लिस्टमध्ये नावच येईना.

फोल्डरात फोल्डर झालंय का बघा. गिटहबवरून झिप उतरवली की नावाला शेवटी 'डॅश मेन' लागतं आणि उघडताना आत परत एक फोल्डर बनतं, मेटाडेटा एक पायरी खाली जातो आणि क्यूजीआयएसला तो दिसत नाही. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मराठी अक्षर नको, सुरुवातीला आकडा नको. मेटाडेटा नोटपॅडमध्ये बनवला असेल तर फाईलचं नाव 'मेटाडेटा डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी' झालेलं असू शकतं, विंडोज शेवटचं टीएक्सटी दाखवत नाही. कमीत कमी व्हर्जन तुमच्या क्यूजीआयएसपेक्षा वरचं लिहिलं असेल तरी ते चालू होत नाही.

प्रत्येक बदलाला क्यूजीआयएस बंद करून चालू करावं लागतं का?

नाही! हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो महिनाभरात प्लगिनचा नाद सोडतो. 'प्लगिन रीलोडर' नावाचंच एक प्लगिन आहे, ते आधी टाका, त्यात तुमचं प्लगिन निवडा, कोड सेव्ह केला की बटण दाबा, दोन सेकंदात नवा कोड चालू. हे जमल्याशिवाय पुढचा कोड लिहायला बसू नका.

रीलोड केलं की टूलबारवर तेच आयकॉन दोनदा, तीनदा दिसतंय.

तुमचं अनलोड फंक्शन रिकामं आहे. रीलोडर आधी अनलोड चालवतो, मग परत इनिट-गुई. जाताना बटण काढलं नाही तर जुनं तसंच आणि नवीन शेजारी. टूलबारमधून पण काढा आणि मेनूमधून पण काढा. सिग्नल (क्लिक झालं की फंक्शन चालवणारी जोडणी) जोडले असतील तर तेही तोडा, नाहीतर एका क्लिकला मेसेज तीनदा येतो आणि माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

एरर नेमका कुठं बघायचा?

व्ह्यू मेनूत पॅनल्स, त्यात लॉग मेसेजेस, तिथं पायथनचा टॅब. प्रिंट वापरणार असाल तर पायथन कन्सोल उघडा ठेवा, कंट्रोल-ऑल्ट-पी. एररच्या लांबलचक मजकुरात सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, मग वर चढत तुमच्या फाईलचं नाव शोधा. आणि मदत मागताना तो मजकूर कॉपी करून पाठवा, मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते.

चॅटबॉटकडून कोड लिहून घेतला, एकदम भारी दिसतोय, पण चालंना.

त्यात 'क्यूजीएस मॅप लेयर रजिस्ट्री' किंवा 'लीजेंड इंटरफेस' असे शब्द आहेत का? मग तो क्यूजीआयएस २ च्या जमान्यातला कोड आहे. ३.० फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं, तेव्हा पायथन ३ आणि क्यूटी ५ वर उडी मारली आणि ह्या गोष्टी काढून टाकल्या. लेयर (नकाशाचे थर) आता 'क्यूजीएस प्रोजेक्ट'च्या इन्स्टन्सकडून मागायचे. नेटवर जुने धडे अजून भरपूर पडलेत, तिथून हे येतं. उत्तर मागतानाच व्हर्जन लिहून मागा.

सरावाला पहिलं प्लगिन कुठलं करू?

एकर-गुंठ्याचं करा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये, क्यूजीआयएस देणार चौरस मीटर, आणि गावातला माणूस विचारणार 'किती गुंठे?' म्हणजे उपयोग लगेच दिसतो. निवडलेल्या पॉलिगॉनचं (नकाशावरच्या बंद आकृतीचं) क्षेत्र एकर-गुंठ्यात वरच्या मेसेज बारवर दाखवायचं, एवढंच काम. दिसायला सोपं, पण ह्यात सेटअपची न् जीआयएसची बरीच परीक्षा होते.

पहिली अडचण अशी की जीपीएसवरून किंवा गुगल अर्थवरून आणलेला लेयर अंशांमध्ये असतो, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत, तिचा नंबर ईपीएसजी ४३२६. त्याच्या भूमितीला सरळ 'एरिया' विचारलं तर उत्तर चौरस अंशात येतं. एक हेक्टरचं वावर आपल्याकडं ०.००००००८५५ असलं काहीतरी दाखवतं आणि पोरं म्हणतात प्लगिन शून्य दाखवतंय.

मग कुणीतरी सांगतं की यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) झोन ४३ मध्ये बदला, ईपीएसजी ३२६४३. ते ठीक, पण झोन ४३ हा ७२ ते ७८ अंश रेखांशापर्यंतच. आपला बहुतेक मराठवाडा त्यात बसतो, पण किनवट ७८ च्या पलीकडं आहे, ते झोन ४४ मध्ये. शिवाय झोनची मधली रेषा ७५ अंशावर, गंगापूरच्या आसपासून जाते, तिथं यूटीएमचा स्केल ०.९९९६ असतो, म्हणजे हेक्टरमागं आठेक चौरस मीटर कमीच दिसतात. मोठी गोष्ट नाही, पण दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत म्हणून बग शोधत बसू नका.

म्हणून कोडमध्ये झोन पक्का ठोकू नका. 'क्यूजीएस डिस्टन्स एरिया' हा क्लास वापरा, त्याला लेयरचा सीआरएस (जागेचे आकडे कुठल्या मोजपद्धतीत आहेत ते) द्या, एलिप्सॉइड (पृथ्वीचा जरा चपट्या गोलाचा आकार) द्या, मग 'मेजर एरिया' विचारा. लेयर कुठल्याही सीआरएसमध्ये असो, उत्तर चौरस मीटरमध्ये. एलिप्सॉइड द्यायचं विसरलात तर मात्र तो गपचूप सपाट हिशोब करतो आणि परत चौरस अंश. लेयरच्या नावापुढं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर त्याला सीआरएसच नाही, तेव्हा हिशोब न करता तसा मेसेज द्या.

पुढचा हिशोब: एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, चाळीस गुंठ्यांचा एकर. तपासायला १०,००० चौरस मीटर टाका, २ एकर १८.८ गुंठे आलं पाहिजे. मग ८,०९३ टाकून बघा. बऱ्याच जणांचं प्लगिन '१ एकर ४०.० गुंठे' म्हणतं! एकर आधी वेगळे काढले, उरले ३९.९९४ गुंठे, आणि दाखवताना ते ४० झाले. आधी एकूण गुंठे राउंड करा, मग चाळीसनं भागा.

प्लगिनचा आकडा आणि सातबाऱ्याचा आकडा जुळत नाही, प्लगिन चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. उपग्रहाच्या फोटोवरून बांध धरून काढलेली हद्द आणि मोजणीची हद्द ह्या दोन वेगळ्या गोष्टी. प्लगिनच्या खिडकीतच लिहून टाका की हा अंदाज आहे, कायद्यानं चालते ती भूमी अभिलेखची मोजणी. नाहीतर भावकीच्या भांडणात तुमच्या प्लगिनचा स्क्रीनशॉट फिरायचा.

गावांची, शेतकऱ्यांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात.

शेपफाईल असणार, नकाशाच्या डेटाचा जुना फाईल प्रकार. तिच्या कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये (ही अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'शेतकरी' सुद्धा मावत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा, एकच फाईल, ही कटकट नाही. शेपफाईलच पाहिजे असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि सोबतची, एन्कोडिंग सांगणारी सीपीजी फाईल पाठवायला विसरू नका, कॉलमची नावं इंग्रजीत.

प्लगिनमध्ये फाईल उघडताना विंडोजवर एन्कोडिंग स्वतः लिहायचं, 'एन्कोडिंग बरोबर यूटीएफ डॅश ८'. नाही लिहिलं तर पायथन विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतं, आणि हा एरर उबंटूवाल्या मित्राकडं कधीच येत नाही म्हणून तो म्हणतो माझ्याकडं तर चालतंय.

दुसऱ्यांना कसं द्यायचं?

चार-पाच जणांना द्यायचं असेल तर झिप करा. झिपच्या आत सगळ्यात वर प्लगिनचं फोल्डर पाहिजे, सुट्या फाईली नकोत. समोरचा प्लगिन मॅनेजरमधून 'इन्स्टॉल फ्रॉम झिप' करेल. सगळ्या ऑफिसला किंवा कॉलेजला द्यायचं असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर झिप आणि एक एक्सएमएल फाईल ठेवून तो पत्ता प्लगिन मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये जोडता येतो, मग अपडेट आपोआप दिसतात.

जगाला द्यायचं तर क्यूजीआयएसची अधिकृत रिपॉझिटरी, म्हणजे प्लगिनचं भांडार. ओएसजिओचा आयडी काढायचा, झिप अपलोड करायची, नवीन माणसाचं प्लगिन तिथली माणसं बघून मंजूर करतात. कोडचा आणि तक्रारींचा पत्ता मेटाडेटात लागतो. गिटचं फोल्डर, पायकॅशे (पायथन आपोआप बनवतं ते फोल्डर), आणि मॅकवर झिप केली असेल तर त्यात घुसलेलं जास्तीचं फोल्डर, हे सगळं आधी काढा. कच्चं असेल तर मेटाडेटात 'एक्सपेरिमेंटल' ट्रू ठेवा, मग ज्यांनी सेटिंगमध्ये टिक केलंय त्यांनाच ते दिसतं.

प्लगिनचे पैसे घेता येतात का?

येतात. क्यूजीआयएस जीपीएल ह्या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं आहे आणि त्याचं पायथन वापरून केलेलं, दुसऱ्याला दिलेलं प्लगिन पण त्याला जुळणाऱ्या लायसन्सखालीच द्यावं लागतं, पण जीपीएल पैसे घेऊ नका असं कुठंच म्हणत नाही. फक्त सोर्स कोड सोबत द्यावा लागतो आणि घेणारा तो पुढं फुकट वाटू शकतो, त्याला अडवता येत नाही. त्यामुळं आपल्याकडं पैसे मिळतात ते बहुतेक प्लगिनच्या झिपचे नाही, तर बसवून देणं, शिकवणं, ऑफिसाच्या कामाप्रमाणं बदल करून देणं ह्याचे. कोटेशन देताना तेच वेगवेगळं लिहा, आणि 'एक वर्ष बदल फुकट' असलं काही तोंडी कबूल करू नका.